मुलं गाणी म्हणतात, पण बोलत नाहीत

पत्र

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेत आम्ही दोघीच शिक्षिका. माझ्याकडे तिसरी आणि चौथी एकत्र, मिळून चौदा मुलं. घरी बहुतेकजण कोकणी बोलतात, दोघं-तिघं कन्नड. चौथी झाली की ही मुलं इंग्रजी माध्यमाच्या पाचवीत जातात आणि तिथे गांगरून जातात, म्हणून मला त्यांच्या इंग्रजीची काळजी लागून राहते. शाळेला देणगीतून टीव्ही मिळाला आहे. त्यावर मी यूट्यूबची गाणी लावते, परदेशी साइटवरची वर्कशीट प्रिंट काढून देते. मुलं गाणी घडाघडा म्हणतात, पण 'व्हॉट इज युवर फादर डुइंग?' असं विचारलं की एकमेकांची तोंडं बघतात. शाळेत नेट धड मिळत नाही, पावसात तर नाहीच. माझं स्वतःचं शिक्षण मराठीतून झालं. उच्चारांची मलाच धास्ती वाटते, म्हणून टीव्हीवर जास्त भिस्त ठेवते. मध्यंतरी एका कंपनीचा माणूस येऊन गेला. वर्षाची वर्गणी भरा, मुलं ॲपवरून आपोआप बोलायला लागतील, असं म्हणतो. पालक-शिक्षक संघ पैसे द्यायला तयार आहे. कोणती साइट, कोणतं ॲप चांगलं ते सांगाल का?

— एक शिक्षिका, सत्तरी

उत्तर

बाई, सप्रेम नमस्कार.

साइटांची नावं देते, ॲपचंही सांगते. पण आधी गाण्यांचं बघू, कारण मूळ दुखणं तिथे आहे.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तुमच्या वाड्यावरची मुलं घुमट वाद्याच्या तालावर आरत्या म्हणत असतील. एक ओळ चुकत नाही, ठेका सुटत नाही. पण मधलाच एखादा शब्द काढून त्याचा अर्थ विचारा, किंवा तो घालून स्वतःचं वाक्य करायला सांगा, जमणार नाही. आरतीचं त्यावाचून काही अडत नाही. इंग्रजी गाण्याचं अडतं, कारण तिथे आपल्याला बोलणं हवं आहे. मूल गाणं अख्खंच्या अख्खं उचलतं. एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला याचा त्याला पत्ता नसतो. गाणी बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. जीभ वळायला, लाज मोडायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. तासाची पहिली तीन-चार मिनिटं गाण्याला द्या आणि तिथे थांबा.

आता तुमचा प्रश्न घेऊ. 'व्हॉट इज युवर फादर डुइंग?' बाबा या घडीला बागायतीत आहेत की कामावर गेले आहेत, हे वर्गात बसलेल्या मुलाला दिसत नाही. तुम्हालाही दिसत नाही आणि जाणून घ्यायची निकड कोणालाच नाही. मुलाला कळतं की टीचरना उत्तर नको, वाक्य हवं आहे. मग ते गप्प बसतं. त्याऐवजी एका मुलाला दाराबाहेर पाठवा. आत उरलेल्यांपैकी एकीला कानात सांगा की तू भात कांडतेस, कपडे धुतेस किंवा मासे तळतेस असा अभिनय कर. बाहेरचा आत आला की त्याने ओळखायचं: 'इज शी कुकिंग? इज शी वॉशिंग?' बाकीच्यांनी 'नो, शी इज नॉट' म्हणून ओरडायचं. व्याकरण तेच, काळ तोच. फरक इतकाच की एकाला ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही, म्हणून बोलायला कारण मिळालं.

ही माझी स्वतःची युक्ती नव्हे. प्राध्यापक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास या भागातल्या अगदी साध्या शाळांमध्ये असाच प्रयोग केला. वर्ग गर्दीचे, साधनं म्हणजे खडू आणि फळा. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून त्यांनी मुलांपुढे नकाशे ठेवले, आगगाडीची वेळापत्रकं ठेवली आणि सोडवायला कोडी दिली. भाषेकडे लक्ष न देता मुलं काम उरकायच्या मागे लागली आणि त्या नादात इंग्रजी वापरू लागली. पुढे जगभरच्या इंग्रजी शिक्षणात या प्रयोगाचा हवाला दिला गेला. तो परदेशातल्या एखाद्या श्रीमंत शाळेत झाला नाही, आपल्या दक्षिणेतल्या शाळांत झाला, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. कारण सरकारी शाळेतली मुलं म्हटली की त्यांना हे झेपणार नाही असं आपणच आधी ठरवून टाकतो. तुमच्या चौदा मुलांना घरची कोकणी, शाळेतली मराठी, टीव्हीवरची हिंदी येते. कन्नडवाल्यांना तर चार भाषा. एका भाषेतून दुसरीत जायची त्यांना रोजची सवय आहे. ही मुलं इंग्रजीसाठी कच्ची नाहीत, उलट तयारीची आहेत.

तेव्हा ऑनलाइन साहित्याकडे मी असं बघते: पडद्यावरचं काहीही मुलांपर्यंत थेट जाऊ देऊ नये. ते आधी तुमच्या हातून गेलं पाहिजे. तुम्ही त्यातला दोन मिनिटांचा तुकडा निवडायचा, त्याला तुमच्या गावचं काहीतरी जोडायचं आणि मुलांना त्यावर बोलायला लावायचं. पस्तीस मिनिटांचा तास असेल तर पडद्याला सहा-सात मिनिटांपलीकडे देऊ नका. बाकी वेळ मुलांची तोंडं चालली पाहिजेत.

निवडताना एक गोष्ट पारखून घ्या. नेटवर मुलांच्या इंग्रजीचं जे मिळतं, त्यातला बराच भाग ज्यांच्या घरातच इंग्रजी आहे अशा मुलांसाठी केलेला असतो. अमेरिकेतलं पाच वर्षांचं पोर शाळेत येतं तेव्हा त्याला हजारो शब्द बोलता येतात. त्याला शिकायचं असतं ते फक्त वाचायला. त्याच्यासाठी केलेल्या वर्कशीटवर बर्फाचा माणूस असतो, पानगळ असते, हातमोजे असतात. तुमच्या मुलाला तो शब्दही नवा आणि ती वस्तूही नवी. दुहेरी ओझं. वर्कशीट रंगवून होते, मूल खूश होतं आणि हाती काही लागत नाही. परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेलं साहित्य वेगळं असतं. ब्रिटिश कौन्सिलचं 'लर्नइंग्लिश किड्स' हे त्यातलं, लहान मुलांसाठी आणि फुकट. तिथल्या छोट्या गोष्टी आणि गाणी वेगाने संथ असतात, शब्द मोजके असतात. तिथून सुरुवात करा.

पण मला विचाराल तर तुमच्यासाठी सगळ्यात मोलाची जागा दुसरी आहे. प्रथम बुक्स या ना-नफा प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' सुरू केलं. तिथे मुलांची चित्रमय पुस्तकं आहेत, चार पातळ्यांवर लावलेली. पहिल्या पातळीत पानावर जेमतेम एखादं वाक्य असतं. चित्रांतली घरं, माणसं, झाडं, बाजार आपल्याकडचे असतात. आणि एकच गोष्ट अनेक भाषांत मिळते. मराठी आहे, कोकणी आहे, कन्नड आहे. म्हणजे तुमच्या त्या दोघा-तिघांना गोष्ट आधी त्यांच्या भाषेत वाचायला देता येते, बाकीच्यांना मराठीत, आणि मग सगळे मिळून इंग्रजीकडे वळतात. गोष्ट कळलेली असली की परक्या शब्दांची भीती निम्मी होते. पुस्तकं पीडीएफ म्हणून उतरवता येतात, छापता येतात, त्यातला मजकूर बदलून तुमच्या मुलांपुरता सोपाही करता येतो. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली ती दिलेली आहेत, त्यामुळे हे सगळं हक्काने करा. लेखक, चित्रकार आणि प्रकाशकाचं नाव तेवढं राहू द्या.

असं एक पुस्तक आठवडाभर कसं पुरतं ते सांगते. समजा पहिल्या पातळीची गोष्ट आहे, एक मुलगी आपली हरवलेली शेळी शोधते. पानं छापून घ्या आणि खालच्या मजकुरावर कागदाची पट्टी चिकटवा. पहिल्या दिवशी फक्त चित्रं. 'व्हॉट कॅन यू सी?' कोणी 'बकरी' म्हणेल. म्हणू द्या, तुम्ही हसून म्हणा, 'येस, अ गोट.' मराठी किंवा कोकणी शब्द आला म्हणून थांबवू नका, तो इंग्रजीत परत द्या आणि पुढे चला. पान उलटण्याआधी दरवेळी विचारा, 'व्हेअर इज द गोट?' मुलं अंदाज करतील: अंडर द ट्री, बिहाइंड द हाउस, इन द वेल. प्रत्येक अंदाज फळ्यावर लिहा, बोलणाऱ्याच्या नावासकट. चौथीच्या पोराला आपलं नाव आणि आपलं वाक्य फळ्यावर दिसलं की ते ताठ बसतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढा. आता मुलं वाचतील, कारण कोणाचा अंदाज खरा निघाला ते त्यांना बघायचं आहे. तिसऱ्या दिवशी शेळी तुमच्या गावात आणा. 'इज द गोट इन द कुळागर? इज इट निअर द टेम्पल? इज इट ऑन द बस?' बसवर शेळी म्हटलं की वर्ग हसेल आणि 'ऑन' कायमचं लक्षात राहील. कुळागराला, म्हणजे आपल्या नारळी-पोफळीच्या बागेला, इंग्रजी शब्द शोधत बसू नका, कुळागरच म्हणा. चौथ्या-पाचव्या दिवशी तिसरीतलं एक आणि चौथीतलं एक अशी जोडी लावून सहा पानांचं पुस्तक करायला द्या: तिसरीच्याने चित्र काढायचं, चौथीच्याने खाली वाक्य लिहायचं आणि दोघांनी वाचून दाखवायचं. दोन इयत्ता एकत्र असल्याचा असा फायदा करून घेता येतो. ती सात पुस्तकं शाळेच्या दोरीवर टांगा. पुढच्या वर्षीच्या तिसरीला ती वाचायला होतील.

दुसरा धडा वेळापत्रकाचा. प्रभूंची आगगाडी सत्तरीत कुठून आणायची? आपल्याकडे बस आहे. तुमच्या तालुक्याच्या गावी, वाळपईच्या स्टँडवर उभं राहून पाच-सहा बसच्या वेळा टिपा, किंवा सरळ मनाने तयार करा. एका कागदावर वाळपईहून सुटायच्या वेळा, दुसऱ्यावर पणजी, म्हापसा, फोंडा इथे पोहोचायच्या. जोडीतल्या एकाला पहिला कागद, दुसऱ्याला दुसरा. एकमेकांचा कागद बघायचा नाही. मग कोडं घाला: 'माय आँट इज इन पणजी. शी वॉन्ट्स टू मीट मी ॲट इलेव्हन. विच बस डू आय टेक?' आता त्यांना विचारावंच लागतं, 'व्हेन डझ द बस लीव्ह?' 'व्हेन डझ इट रीच पणजी?' ही दोन वाक्यं आधी फळ्यावर मोठी लिहून ठेवा. पहिल्यांदा खूप गोंधळ होईल, मराठीत भांडतील. होऊ द्या. एकदा जमलं की पुढच्या वेळी शिगम्याच्या, म्हणजे आपल्या होळीच्या सणाच्या, मिरवणुकीला जायचं कोडं घाला, नंतर आजीला दवाखान्यात न्यायचं. गणितही त्यातच होतं.

चवथीच्या आधी माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या सजावटीचा, असाच तास करा. वाळपईत बाजार भरला की मुलांना फोटो काढून आणायला सांगा, किंवा शक्य असेल ते घरून आणू द्या: नारळ, सुपारी, आंबाडे, तोरंजन, चिबूड. कापडी पिशवीत एकेक वस्तू घालायची, एकाने हात घालून वर्णन करायचं, 'इट इज राउंड, इट इज हार्ड, इट इज स्मॉल', बाकीच्यांनी ओळखायचं. पडदा लागतो तो एवढ्याचसाठी की आदल्या दिवशी फळांवरचा परदेशी मुलांचा एखादा दोन मिनिटांचा व्हिडिओ दाखवून 'राउंड, हार्ड, सॉफ्ट, स्वीट, सोअर' हे शब्द कानावर घालता येतात. त्यांची स्ट्रॉबेरी पडद्यावर राहिली तरी चालेल. शब्द आपल्या आंबाड्याला लागले की काम झालं.

जी मुलं तोंडच उघडत नाहीत त्यांच्यासाठी एक. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडलेली पद्धत तुम्हाला उपयोगी पडेल: सुरुवातीला मुलाने बोलायचं नाही, ऐकून करायचं. 'स्टँड अप. टच द डोअर. गिव्ह द रेड चॉक टू रोहन.' तान्हं मूलही घरची भाषा असंच शिकतं, आधी कित्येक महिने नुसतं ऐकतं आणि सांगितलेलं करतं. गप्प बसणाऱ्या मुलीला दोन-तीन आठवडे नुसतं करू द्या. मग एक दिवस तिलाच हुकूम सोडायला उभं करा. वर्गावर हुकूम सोडायला मिळतो म्हटल्यावर गप्प बसणारं पोर मी फारसं पाहिलेलं नाही.

आता तुमच्या उच्चारांबद्दल. ही धास्ती मनातून काढा असं नुसतं म्हणून भागत नाही, म्हणून काय करायचं ते सांगते. धड्यात येणारे नवे आठ-दहा शब्द आदल्या रात्री केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशात ऐका. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार तिथे ऐकायला मिळतात; दोन्हींत फरक असतो, म्हणजे 'एकच खरा उच्चार' असं काही नसतं हेही दिसेल. लहेजाच्या मागे लागू नका. मराठी माणसाने तीन गोष्टी सांभाळल्या तर त्याचं इंग्रजी कुठेही समजतं. पहिली, शब्दात जोर कुठे द्यायचा. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफी'त दुसऱ्यावर. आपण सगळी अक्षरं सारख्याच वजनाने म्हणतो आणि ऐकणारा चाचपडतो. दुसरी, ऱ्हस्व-दीर्घ: शिप आणि शीप, फिल आणि फील. लिहिताना आपण जपतो, बोलताना विसरतो. तिसरी, व आणि व्ह. 'व्हॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, 'वॉटर' म्हणताना ओठांचा चंबू झाला पाहिजे. मुलांना एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लावा. त्यांना मजा वाटते आणि पाच मिनिटांत फरक पडतो.

पण टीव्हीवरचा आवाज शुद्ध आणि माझा अशुद्ध, म्हणून मी मागे उभी राहते, असं करू नका. टीव्ही मुलाला उलट प्रश्न विचारत नाही. त्याचं अर्धवट वाक्य पुरं करून देत नाही. त्याने 'गोट इट ग्रास' म्हटलं तर 'येस, द गोट ईट्स ग्रास' असं प्रेमाने परत म्हणत नाही. हे फक्त तुम्ही करू शकता, आणि मूल बोलायला शिकतं ते यातून. स्वतःसाठी बीबीसी लर्निंग इंग्लिश लावा. बीबीसी १९४३ पासून जगाला इंग्रजी शिकवत आली आहे. त्यांचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा कार्यक्रम बसमध्ये कानाला लावून ऐकण्याजोगा आहे आणि त्याचा मजकूरही वाचायला मिळतो. एकदा नुसतं ऐका, एकदा मजकूर बघत ऐका. यूट्यूबवर काही ऐकत असाल तर वेग पाऊण करून ऐकता येतं, हेही ध्यानात ठेवा. महिनाभरात तुमचा तुम्हालाच धीर येईल.

नेटचं रडगाणं सत्तरीत तरी लवकर संपायचं नाही. तेव्हा शाळेत नेट नाहीच असं धरून चला. आठवड्याचं साहित्य रविवारी घरी उतरवा: पीडीएफ आणि ऑडिओ पेनड्राइव्हवर, टीव्हीला लावायला. यूट्यूबचे व्हिडिओ बाहेरच्या कसल्या तरी सॉफ्टवेअरने ओढू नका. ते यूट्यूबच्या नियमात बसत नाही, शिवाय असल्या साइटवरून व्हायरस येतात. यूट्यूबच्याच ॲपमधली डाउनलोडची सोय वापरा. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याचं बटण बंद ठेवा. शेळीच्या गोष्टीनंतर काय लागेल याचा भरवसा नाही. वीज गेली तर? छापील पानं हातात असली की तास थांबत नाही, म्हणून मी छपाईवर इतका भर देते आहे.

वर्कशीट छापून वाटणं कायद्यात बसतं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण शिक्षक कचरतात म्हणून सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत हा भंग ठरत नाही. वर्गात वाटा, हरकत नाही. तीच फाइल दहा ग्रुपवर टाकणं किंवा पुस्तिका करून विकणं मात्र वेगळं.

चॅटबॉटचा उपयोग हल्ली बरेच शिक्षक करतात. तुम्हीही करा, स्वतःच्या तयारीसाठी. मुलांना येणारे साठ-सत्तर शब्द त्याला द्या आणि एवढ्याच शब्दांत आठ वाक्यांची गोष्ट लिहून मागा. पाच मिनिटांत तीन गोष्टी मिळतात. त्यातली एक बरी असते. नीट वाचून घ्या, कारण मधूनच तो अवघड शब्द घुसडतो आणि गोव्याबद्दल ठोकूनही देतो. मुलांची नावं, फोटो, आवाज त्याला देऊ नका.

पाचवीची भीती खरी आहे. तिथे इंग्रजी हा नुसता एक विषय राहत नाही, गणितही इंग्रजीत येतं. म्हणून दिवाळीनंतर चौथीला आठवड्यातून एक तास वेगळा द्या. तुमची मुलं ज्या शाळेत जाणार तिथली पाचवीची गणिताची आणि परिसर अभ्यासाची पुस्तकं मागवून चाळा आणि वारंवार येणारे शब्द काढा: ॲड, सबट्रॅक्ट, इक्वल, मेझर, रूट, स्टेम, लीफ, सॉइल. मुलांना ही गणितं आणि ही झाडं आधीच माहीत आहेत, नवं फक्त नाव. एनसीईआरटीची इंग्रजी पुस्तकं तिच्या साइटवर फुकट मिळतात, त्यातली चित्रं याला चांगली. आणि वर्गात लागणारी वाक्यं रोजच्या सवयीची करून टाका: 'मे आय गो आउट?', 'आय डोन्ट अंडरस्टँड', 'प्लीज से इट अगेन'. जे मूल पाचवीत हात वर करून 'आय डोन्ट अंडरस्टँड' म्हणू शकतं, त्याला तिथली टीचर मदत करू शकते. न बोलणाऱ्याचं कोणाला कळतच नाही. माझ्या मते चौथी सोडताना मुलाकडे असायलाच हवं असं हे एक वाक्य.

राहिलं ॲप. तो माणूस पुन्हा आला की त्याला नेट बंद ठेवून चालवून दाखवायला सांगा. मग विचारा, एका टीव्हीवर चौदा मुलांनी हे वापरायचं कसं? एक जण बोट लावणार आणि तेरा बघत बसणार. आणि ॲपवर मूल नेमकं काय करतं ते स्वतः बघा. बहुतेक ॲपमध्ये ते चार चित्रांतलं एक निवडतं किंवा ऐकलेला शब्द परत म्हणतं. शब्द पक्के व्हायला हे बरं, ज्या घरी फोन मोकळा असतो तिथे पंधरा मिनिटं करायला हरकत नाही. पण स्वतःचं वाक्य जुळवून दुसऱ्या मुलाला काहीतरी सांगणं त्यात नाही, आणि तुमची अडचण नेमकी तीच आहे. नावनोंदणीला मुलांची जन्मतारीख, पालकांचे फोन नंबर मागत असतील तर अधिक सावध राहा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी असं म्हटलं आहे. शाळेने परस्पर याद्या देऊ नयेत.

पालक-शिक्षक संघाने पैसे देऊ केले आहेत, ते परत पाठवू नका. त्यांना सांगा की वर्गणीऐवजी एक चांगला स्पीकर घ्या, कारण टीव्हीचा आवाज पत्र्यावर पाऊस पडायला लागला की मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. दोन पेनड्राइव्ह घ्या. आणि उरलेल्या पैशांत स्टोरीवीव्हरची पहिल्या पातळीची वीस-पंचवीस पुस्तकं वाळपईत रंगीत छापून, प्लास्टिकचं आवरण घालून आणा. पुढच्या सभेला पालक येतील तेव्हा भाषण करू नका. दोन मुलांना समोर उभं करा, एकाच्या हाती सुटायच्या वेळांचा कागद द्या, दुसऱ्याच्या हाती पोहोचायच्या, आणि एखाद्या आईलाच पणजीला कोणत्या बसने जाऊ असं विचारायला सांगा. तिने कोकणीत विचारलं तरी चालेल.